गॅस संपला नाही, गळला आहे!

मे महिना लागला की राजूरच्या गणपतीला येणाऱ्या गाड्यांच्या काचा वर चढतात. जालना-भोकरदन रस्त्यावरचं ऊन कसं असतं हे आपल्याकडच्या बायांना सांगायला नको. त्यात चतुर्थी आली, तर पायी येणाऱ्यांचे तळवे पोळतात आणि गाडीतून येणाऱ्यांच्या पाठी. पूर्वी कार म्हटलं की ती डॉक्टरांची नाही तर कारखानदाराची. आता तसं राहिलं नाही. शिक्षकाच्या, दुकानदाराच्या, चार एकरवाल्या शेतकऱ्याच्या दारातही दहा-पंधरा वर्षं वापरलेली, कुणाकडून तरी घेतलेली मारुती, इंडिका नाही तर सँट्रो उभी असते. गाडी चालते झकास. फक्त एसीचं बटण दाबलं की गरम वारा येतो!

मग मिस्त्रीकडे जायचं. तो बोनेट उघडतो, एक पाइप हाताने चाचपतो आणि ठरलेलं वाक्य बोलतो, "गॅस संपलाय. भरून देतो." गॅस भरला जातो, थंड हवा येते, पैसे दिले जातात. आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंकडे हेच झालं. त्यांच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जालन्याला न्यावं लागतं. जाताना एकवेळ चालून जातं, पण डायलिसिस करून थकलेलं माणूस दुपारी दोनच्या उन्हात परत आणायचं म्हणजे जिवाचा घोर. म्हणून त्या घरात गाडीचा एसी ही काही चैन नव्हती. होळीपासून जूनपर्यंत त्या गाडीत तीन वेळा गॅस भरला. तिसऱ्या वेळी ताईंनी गटातून कर्ज उचललं. गटाच्या वहीत कर्जाचं कारण लिहायची आमची पद्धत आहे. बियाणं, शिलाई मशीन, मुलाची फी, बाळंतपण... आणि त्याखाली लिहिलं होतं, "गाडीचा गॅस".

तो शब्द वाचून मला वाटलं, की यावर आपण बायकांनी बोललं पाहिजे. कारण स्वयंपाकाच्या गॅसबाबत आपल्याला कुणी फसवू शकत नाही. सिलिंडर आला की आपण सील बघतो, वजन करून घेतो, वास आला की नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो. मग गाडीच्या गॅसबाबतच आपण "ते पुरुषांचं खातं" म्हणून गप्प का बसतो? खरं सांगते, त्यात आपल्याला न कळण्यासारखं काहीच नाही. स्वयंपाकघरात जे रोज कळतं, तेच इथे आहे.

गॅस जळत नाही, तर संपेल कसा?

पहिली गोष्ट मनात पक्की करा. शेगडीतला गॅस जळतो, म्हणून संपतो. गाडीतलं पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. एसीतला गॅस मात्र जळत नाही. तो बंद नळ्यांतून नुसता गोल गोल फिरत असतो. घरातल्या फ्रिजमध्ये तसाच गॅस असतो आणि वीस-वीस वर्षं तो कुणी भरत नाही. म्हणजे "गॅस संपला" या वाक्याचा खरा अर्थ एकच, गॅस कुठून तरी गळला.

आता कुणी म्हणेल, फ्रिजचा गळत नाही, मग गाडीचाच का गळतो? त्याचं कारण सरळ आहे. फ्रिजची मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच बंद डब्यात असतात आणि नळ्या झाळून टाकलेल्या असतात. गाडीत तसं करता येत नाही. तिथे कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा दांडा बाहेर आलेला असतो आणि त्या दांड्याला सील लावावं लागतं. इंजिन थरथरतं, म्हणून काही पाइप रबरी ठेवावे लागतात. प्रत्येक सांध्यात रबराची बारीक रिंग असते. त्यात आपले रस्ते! प्रत्येक खड्ड्याला हे सांधे हिसका खातात. त्यामुळे गाडीतला गॅस अगदी किंचित किंचित झिरपत राहतो हे खरं आहे. दहा वर्षांच्या गाडीत एखाद्या वेळी गॅस भरावा लागला तर नवल नाही. पण दर उन्हाळ्यात, नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी भरावा लागत असेल, तर गळती आहे हे नक्की समजा. तळाला भोक पडलेल्या घागरीत कितीही पाणी ओता, ती भरायची नाही. आधी भोक बुजवायचं, मग पाणी.

थंडावा येतो कुठून?

इंजेक्शन देण्याआधी नर्सबाई दंडाला स्पिरिट लावतात, तेव्हा तिथे कसं गार लागतं! स्पिरिट उडून जाताना अंगाची उष्णता सोबत घेऊन जातं, म्हणून. माठातलं पाणीही तसंच गार होतं. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं. गाडीचा एसी म्हणजे हाच माठ, फक्त यात उडून गेलेलं पाणी पुन्हा पकडून वापरलं जातं.

डॅशबोर्डच्या मागे एक जाळीदार कूलिंग कॉईल असते. तिच्यात गॅस पातळ रूपात येतो आणि तिथे त्याची वाफ होते. वाफ होताना तो गाडीतल्या हवेची उष्णता ओढून घेतो आणि कॉईल गार पडते. ब्लोअर त्या गार कॉईलवरून वारा आपल्याकडे फेकतो. पुढे ती वाफ कॉम्प्रेसरमध्ये जाते, तिथे ती दाबली जाते आणि तापते. मग गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेर सोडते आणि पुन्हा पातळ होते. वाटेत एक ड्रायर असतो. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी बारीक पुडी असते ना, तसंच काम तो करतो. एका अरुंद व्हॉल्व्हमधून गॅस पुन्हा कॉईलमध्ये शिरतो आणि फेरा पूर्ण होतो. गॅससोबत थोडं तेलही फिरत असतं, कॉम्प्रेसरला वंगण म्हणून.

या तेलाचा आपल्याला एक मोठा उपयोग आहे. जिथून गॅस गळतो, तिथून थोडं तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. इंजिन गार असताना बोनेट उघडून बघा. एसीच्या पाइपाच्या एखाद्या सांध्यावर नाही तर कंडेन्सरच्या एखाद्या कोपऱ्यावर काळपट, तेलकट डाग दिसला, तर ती गळतीची खूण असू शकते. मिस्त्री यायच्या आधीच तुम्ही त्याला बोट दाखवून जागा सांगू शकता.

आधी हे बघा, मग गॅसचं बोला

एसी गार करत नाही म्हणजे दर वेळी गॅसच कमी असतो असं नाही. आपल्याकडे म्हण आहे ना, दुखणं हल्याला अन् डाग पखालीला! तसं होऊ नये म्हणून काही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात.

गाडी पळताना हवा गार येते, पण फाटकाजवळ नाही तर गर्दीत उभी राहिली की गरम येते का? मग बहुतेक पुढचा पंखा फिरत नाही, नाही तर कंडेन्सरवर कचरा बसला आहे. आपल्याकडची धूळ, मेलेले किडे, वेचणीच्या दिवसांत उडणारा कापूस, सगळं त्या जाळीत जाऊन बसतं. इंजिन गार असताना बागेच्या पाइपाने, हलक्या धारेने ती जाळी धुवा. सर्व्हिसिंग सेंटरवर असतो तसल्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका. जाळीच्या पात्या मऊ असतात, त्या वाकतात आणि वारा जायची वाटच बंद होते.

वाराच कमी येतो का? मग गॅसचा प्रश्न नाही. ब्लोअरचा नाही तर फिल्टरचा आहे. काही गाड्यांत डाव्या बाजूच्या खणामागे एसीचा फिल्टर असतो. तो काढून झटकता येतो, फारच काळा झाला असेल तर बदलता येतो. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत हा फिल्टरच नाही. तिथे धूळ थेट कूलिंग कॉईलवर बसते आणि ओल्या कॉईलवर तिचा लेप होतो. अशी कॉईल काढून धुवावी लागते, ते काम मात्र मिस्त्रीचं.

एसी लावल्यावर गाडीखाली पाणी टपकतं, त्याने घाबरू नका. गार तांब्याला बाहेरून घाम येतो, तेच पाणी आहे ते. उलट तेच पाणी गाडीत पायाशी साचत असेल, तर बाहेर जाणारी बारीक नळी तुंबली आहे.

पट्टा सैल झाला असेल, फ्यूज उडाला असेल, तरी एसी बंद पडतो. यातलं काहीही न बघता जो थेट गॅसचा डबा लावतो, त्याला थांबवायचा हक्क आपल्याला आहे.

दारात काम करून घेताना

छोट्या गावात मिस्त्री घरी येऊन अंगणातच काम करतात. ही आपल्या सोयीची गोष्ट आहे, कारण आपण समोर उभं राहू शकतो. "ताई, दादांना पाठवा ना, तुमच्या ध्यानात नाही यायचं," असं कुणी म्हणालं, तर हसून खुर्ची टाकून तिथेच बसा. आणि या पाच गोष्टी होतात की नाही ते बघा.

पहिली, गळतीचा शोध. रिकाम्या नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरतात आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे आले की जागा सापडली. शेगडीच्या नळीला आपण लावतो तेच पाणी! डॅशबोर्डमागची कॉईल मात्र अशी दिसत नाही. तिथली गळती शोधायला यंत्र असतं, नाही तर दाब भरून ठेवून काटा उतरतो का ते बघतात. या कामाला नायट्रोजनच हवा. वेल्डिंगचा ऑक्सिजन कुणी आणला तर ठाम नाही म्हणा, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो.

दुसरी, खराब भाग बदलणं. कंडेन्सर असो, पाइप असो की कॉम्प्रेसर, तो बदलताना सांध्यातल्या रबरी रिंगा नव्या टाकायच्या. नळ्या बरेच दिवस उघड्या राहिल्या असतील किंवा कॉम्प्रेसर बदलला असेल, तर ड्रायरही नवा घ्यायचा. ओल पिऊन बसलेली पुडी पुन्हा काय ओल शोषणार? आणि गेलेल्या तेलाइतकं, त्याच जातीचं तेल घालायचं.

तिसरी, व्हॅक्यूम. हे सगळ्यात जास्त वेळा टाळलं जातं, कारण यात वेळ जातो आणि दिसत काही नाही. पंप लावून नळ्यांतली सगळी हवा आणि ओल ओढून काढायची असते. कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी जास्त तापमानाला उकळतं आणि डाळ लवकर शिजते. याच्या बरोबर उलटं इथे होतं. दाब इतका कमी करतात, की नळ्यांत राहिलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघून जातं. याला निदान अर्धा तास तरी लागतो. नंतर पंप बंद करून थोडा वेळ मीटरचा काटा बघायचा. काटा जागचा हलला नाही तर ठीक. हळूहळू परत आला तर अजून कुठे तरी भोक आहे. ओल आत राहिली तर अरुंद व्हॉल्व्हमध्ये तिचा बर्फ होतो आणि वाट अडते. शिवाय तेलाशी मिळून तिचं आम्ल होतं आणि ते आतून धातू खातं. पाच मिनिटांत "झालं व्हॅक्यूम" म्हणणारा मिस्त्री पुढच्या दुरुस्तीचं बी पेरून जात असतो.

चौथी, गॅस वजनावर भरणं. नुसता मीटरचा दाब बघून गॅस किती आहे ते कळत नाही. आपल्या सिलिंडरचंच बघा ना. पहिल्या दिवशी ज्योत जशी, तशीच संपायच्या आदल्या दिवशीपर्यंत असते. टाकीत थोडासा जरी पातळ गॅस असेल, तरी दाब तापमानाप्रमाणे तेवढाच राहतो. म्हणून तर आपण १४.२ किलोचा सिलिंडर तोलून घेतो. गाडीचंही तसंच. किती ग्रॅम आणि कोणता गॅस भरायचा, ते बोनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर नाही तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. लहान गाड्यांत तो साधारण अर्ध्या किलोच्या आसपास असतो. काटा लावून तेवढाच भरायचा. "थोडा जास्त टाकतो, थंडी वाढेल," हे खोटं आहे. जास्त गॅसने थंडावा कमी होतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि पेट्रोल जास्त जळतं.

पाचवी, शेवटची परीक्षा. काचा लावून, एसी पूर्ण सोडून दहा मिनिटांनी बघायचं. बाहेर चाळीस अंश असताना जाळीतून दहा-पंधरा अंशांची हवा आली तर काम चांगलं झालं. हे मोजायला ताप बघायचा थर्मामीटर चालत नाही, कारण तो ३५ अंशांच्या खाली उतरतच नाही. चांगल्या मिस्त्रीकडे वेगळा असतो.

आमच्या त्या ताईंच्या गाडीचं काम चौथ्या वेळी असं झालं. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, कधी तरी खडी उडून लागली असेल तिथे, टाचणीच्या टोकाएवढं भोक निघालं. नवा कंडेन्सर, नव्या रिंगा, ड्रायर, गॅस, सगळं मिळून एकदाच खर्च झाला. त्याच्या आधीच्या तीन वेळचे पैसे मात्र अक्षरशः हवेत गेले होते.

हवेत गेलं म्हणजे कुठे गेलं?

हा प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. पूर्वीच्या गाड्यांच्या एसीत आर-१२ नावाचा गॅस असे. तो सीएफसी या जातीचा. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. हाच थर सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवतो. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावर त्या थराला पडलेलं खिंडार जगासमोर आलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल इथे देशांनी करार केला, म्हणून १६ सप्टेंबर हा ओझोन दिन. मोलिना आणि रोलँड यांना १९९५ मध्ये पॉल क्रुट्झन यांच्यासोबत नोबेल मिळालं. भारत १९९२ मध्ये या करारात आला, २००० मध्ये आपल्याकडे त्याचे नियम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून सीएफसी बंद झाले. त्या काळात केंद्र सरकारच्या ओझोन सेलमार्फत देशभरात फ्रिज-एसीच्या मिस्त्रींसाठी प्रशिक्षणं झाली. गॅस हवेत सोडू नका, आधी गळती काढा, हेच त्यात शिकवलं जायचं.

नंतर आर-१३४ए हा गॅस आला. तुमच्या-माझ्या दारातल्या बहुतेक जुन्या गाड्यांत आज हाच आहे. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवतो. एक किलो आर-१३४ए हवेत सोडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. लहान गाडीतला अर्धा किलो गॅस गळला, की जवळपास तीनशे लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान! म्हणूनच २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे या गॅसवरही बंधनं घालायचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०३२ पासून आपल्याकडे या जातीच्या गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ नावाचा वेगळा गॅसही येतो. उन्हाळा सोसवत नाही म्हणून एसी, आणि एसीचा गॅस गळतो म्हणून उन्हाळा आणखी कडक, असं हे चक्र आहे. ते निदान आपल्या अंगणात तरी तोडता येतं.

एखाद्याकडे अजून आर-१२ ची जुनी गाडी हौसेने जपलेली असेल, तर त्यात नुसता १३४ए ओतून चालत नाही. दोन्हींची तेलं वेगळी असतात. नळ्या धुऊन तेल, रिंगा आणि ड्रायर बदलावे लागतात आणि गॅस भरायची तोंडंही बदलावी लागतात.

आपणच भरला तर?

अमेरिकेत या गॅसचे लहान डबे दुकानात मिळतात आणि माणसं घरच्या घरी भरतात. आपल्याकडेही डबे मिळतात, म्हणून घरातल्या उत्साही मुलाला वाटतं, आपणच भरू. त्याला हे जरूर सांगा. आर-१३४ए उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. तो डोळ्यात किंवा हातावर उडाला तर बर्फाने भाजल्यासारखी जखम होते. इंजिन चालू असताना डबा चुकून जास्त दाबाच्या बाजूला जोडला तर तो फुटू शकतो. डबा लवकर रिकामा व्हावा म्हणून शेगडीवर धरणं म्हणजे मरणाला आमंत्रण. जवळ बिडी-सिगारेट, ज्योत काही नको, कारण हे गॅस आगीत सापडले की विषारी होतात. आणि पंप, मीटर, काटा यांच्याशिवाय हे काम अर्धवटच राहतं. म्हणून जाळी धुणं, फिल्टर झटकणं, डाग शोधणं हे आपलं. गॅस मिस्त्रीचा.

कुणी स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस एसीत भरून देतो म्हणाला, तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. तो पेटणारा गॅस आहे आणि ती कॉईल आपल्या मुलांच्या पुढ्यात, डॅशबोर्डच्या मागे असते.

आणखी एक. एसीची परीक्षा घेताना गाडी उघड्यावरच चालू ठेवा, बंद शेडमध्ये नको. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उभ्या गाडीत एसी लावून काचा बंद करून झोपलेली माणसं पुन्हा न उठल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच वायूमुळे.

हिवाळ्यातही दहा मिनिटं

जुन्या पंपाच्या स्टोव्हची आठवण आहे ना? बरेच दिवस वापरला नाही की पंपाचं चामडी वायसर वाळायचं आणि हवाच धरायचं नाही. मग तेलाचा थेंब सोडायचा. कॉम्प्रेसरच्या सीलचंही तसंच आहे. एसी महिनोन् महिने बंद ठेवला, तर तेल फिरत नाही, सील कोरडं पडतं आणि गॅस झिरपतो. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. उन्हात तापलेल्या गाडीत बसलं की आधी काचा उघडून दोन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा, आणि गार व्हायला लागलं की आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. एसीवरचा भार कमी होतो.

पावतीही मागा. कोणता भाग बदलला, कोणता गॅस, किती ग्रॅम, तारीख, एवढं तरी लिहून घ्या. पुढच्या वर्षी मिस्त्री बदलला तरी गाडीची कहाणी आपल्या हातात राहते. आमच्या गटाने आता ठरवलं आहे, गाडीच्या दुरुस्तीला कर्ज हवं असेल तर सोबत अशी पावती लावायची. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे, पैसा कष्टाचा आहे म्हणून.

आणि ज्या घरात दहावी झालेली, हाताने काही करायची आवड असलेली मुलगी आहे, त्यांनी आयटीआयचा विचार करावा. तिथे रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. उन्हाळे वाढत चाललेत, फ्रिज-एसी आता खेड्यातही आहेत, पण नीट व्हॅक्यूम करून, तोलून गॅस भरणारे हात थोडे आहेत. शेगडीच्या नळीला साबणाचं पाणी लावणारी मुलगी ते काम उत्तम करील.

तोवर पुढच्या वेळी कुणी बोनेट उघडून "गॅस संपलाय" म्हणाला, तर एवढंच विचारा, "बरं दादा, पण तो गेला कुठून?"